टँडेम घेण्याआधी तीन सकाळी द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही नागपुरात रोज सकाळी धरमपेठेतून निघून फुटाळ्याच्या बाजूनं पंचवीस-तीस किलोमीटर सायकल चालवता. मिसेसनी कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, रस्त्यावर एकटीनं चालवायची भीती वाटते, पण तुमच्यासोबत यायची मनापासून इच्छा आहे. अमरावतीच्या एका गृहस्थांकडे सहा वर्षं वापरलेली टँडेम, म्हणजे दोघांनी पुढेमागे बसून दोघांनीही पायडल मारायची सायकल आहे आणि ते ६० हजार मागताहेत. रविवारी जायचं, दोघांनी एक चक्कर मारायची आणि पसंत पडली तर तशीच कारवर बांधून आणायची, असा बेत आहे. चक्कर मारताना काय बघायचं, हे तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. एका चकरेत टँडेमचं काहीही कळत नाही. पहिल्यांदा बसलेल्या जोडीला चांगली टँडेमसुद्धा डुगडुगणारी आणि अवजड वाटते, कारण दोघांचं अजून जमलेलं नसतं. आणि कधीकधी चुकीच्या मापाची टँडेम गंमत म्हणून दहा मिनिटं फार छान वाटते. निदान तीन सकाळी हव्यात, मध्ये एकेक दिवस सोडून. विकत न घेता ती आठ दिवस नागपुरात कशी आणायची, ते शेवटी सांगतो. आणि घ्यायची की नाही, हे मागे बसणारी ठरवेल.

हे मी फार उशिरा शिकलो. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं परगावी एका दुकानात टँडेम बघायला गेलो. दुकानदारानं समोरच्या गल्लीत दहा मिनिटं चालवू दिली. पुढे मी होतो, हँडल माझ्या हातात, समोर रस्ता मोकळा. मला ती लगेच आवडली. बायकोला विचारलं, "कशी वाटली?" ती म्हणाली, "ठीक आहे." मी पैसे दिले.

त्या गाडीची मागची जागा आखूड होती. मागच्याचं हँडल टँडेममध्ये पुढच्याच्या सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, बसवलेलं असतं. त्यामुळे जागा आखूड असली की मागच्याचे हात पोटाजवळ येतात, मनगटं मुडपतात आणि नाक पुढच्याच्या पाठीला लागतं. ती आठ महिने तशी बसली. बोलली नाही, कारण पैसे घालून झाले होते आणि मी खूश होतो. एका सकाळी काटोल रोडला चहासाठी थांबलो, तर तिला चहाचा ग्लास उजव्या हातानं उचलता येईना. बोटं बधिर झाली होती. तिनं दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि म्हणाली, "होते असं. पाच मिनिटांत जाते." म्हणजे हे रोजचं होतं. घरी येऊन टेप लावला. दोन सीटपोस्टमधलं अंतर ५८ सेंटिमीटर. दुकानात टेप होता, मी मागितला नव्हता. त्या सकाळचं मला आजही वाईट वाटतं. ती गाडी आम्ही दोष सांगून, दोन शाळकरी बहिणींसाठी बघत असलेल्या एका घरी दिली. दुसरी घ्यायला दीड वर्ष लावलं. तेव्हापासून ज्यांना टँडेम घ्यायची आहे अशा जोड्यांना आम्ही आमची गाडी चालवून बघायला देतो. आजवर पंधरा-वीस जोड्या बसल्या असतील. पुढे लिहिलंय ते त्यातूनच आलेलं आहे.

तर आधी फोन. अमरावती इथून दीडशे किलोमीटर. निघण्याआधी तीन मापं मागून घ्या, अर्धा निर्णय तिथेच होईल.

पहिलं माप मागच्या सीटचं. सीट पूर्ण खाली उतरवली आणि पायडल सगळ्यात खालच्या जागी आणलं, तर सीटच्या माथ्यापासून पायडलपर्यंत किती सेंटिमीटर? इकडे घरी मिसेसना भिंतीला पाठ टेकवून अनवाणी उभं करा, मांड्यांमध्ये एक जाड वही आडवी धरून घट्ट वर दाबायला सांगा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याच्या साधारण १.०९ पट ही सीटची योग्य उंची. तुम्ही त्यांची उंची ५ फूट १ इंच सांगितलीय, म्हणजे वहीचं माप ७१-७२ येईल आणि सीट ७८ च्या आसपास लागेल. मागची सीट ८० च्या खाली उतरतच नसेल, तर ती गाडी त्यांची नाही आणि प्रवासही कशाला.

दुसरं माप दोन सीटपोस्टमधल्या अंतराचं, मध्यापासून मध्यापर्यंत. ७० च्या आसपास असेल तर मोठी माणसं आरामात बसतात. त्यांच्या उंचीला ६६ सुद्धा चालेल. त्याखाली मी तुम्हाला घेऊ देणार नाही. पर्यटनाच्या ठिकाणी भाड्यानं मिळतात त्या टँडेममध्ये हे अंतर बरेचदा फार कमी असतं. त्या अर्ध्या तासाच्या मजेसाठी असतात, त्यावर बसून मत बनवू नका.

तिसरं माप तुमचं. पुढच्या दांडीची जमिनीपासून उंची तुमच्या वहीच्या मापापेक्षा निदान ५ सेंटिमीटर कमी हवी. साध्या सायकलीला हे थोडं इकडेतिकडे चालतं. टँडेमवर चालत नाही, कारण मागची व्यक्ती चढताना तुम्हाला दांडीवरून दोन्ही पाय फाकवून, जमिनीत रोवून उभं राहायचं असतं. दांडी उंच असेल तर पाय फाकवता येत नाहीत, आणि मग गाडी कलंडते, त्यांच्यासकट.

पुढच्याला कॅप्टन म्हणतात, मागच्याला स्टोकर. स्टोकर म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारा. आपल्याकडे टँडेम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डबलसीट येतं, म्हणजे एक जण चालवतो आणि दुसरा कॅरिअरवर बसतो. तो समज गाडीवर बसण्याआधीच दोघांनी डोक्यातून काढून टाकायला हवा. मागचीचं काम पुढच्याइतकंच आहे, फक्त तिच्याकडे हँडल, ब्रेक आणि समोरचं दृश्य नाही.

पहिल्या सकाळी मोकळी जागा हवी. सिव्हिल लाइन्समधले सावलीचे रुंद रस्ते रविवारी सहाच्या सुमारास पुरेसे शांत असतात. उन्हाळा असेल तर साडेपाचलाच निघा, आठनंतर नागपुरात नवशिक्या जोडीनं काही शिकू नये. सोबत एलन कीचा संच, पायडल काढायला १५ चा पाना, टेप, गेज असलेला पंप आणि चिकटपट्टी. तुमची नेहमीची सीट आणि पायडल तुमच्या सायकलवरून काढून न्या, म्हणजे तुलना टँडेमची होईल, अनोळखी सीटची होणार नाही. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, जोर लावून बिघडवू नका. मिसेसकडे स्वतःची सीट नाही, तर ओळखीच्या दोन बायकांकडून दोन वेगळ्या सीट मागून घ्या. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरी. सीटची उंची ठरली की सीटपोस्टवर चिकटपट्टीनं खूण करा.

त्यांची सीट पहिल्याच दिवशी पूर्ण योग्य उंचीवर ठेवा. इथे जवळपास प्रत्येक जोडी चुकते. भीती वाटते म्हणून मागची सीट खाली करतात, "पाय टेकले पाहिजेत" म्हणून. मागचीला पाय टेकायचेच नसतात, सिग्नललासुद्धा. सीट खाली असली की पंधराव्या मिनिटाला गुडघा बोलायला लागतो आणि दोष टँडेमला दिला जातो.

आधी तुम्ही एकटे चालवा, दहा मिनिटं. मागची पायडलं आपोआप फिरतील, त्यात अडकेल असं काही लोंबकळत ठेवू नका. वळताना लक्षात येईल की मागचं चाक आतून कापत येतं, एखाद्या लांब ट्रकसारखं. रिकामा कोपरा बघून आठचा आकडा काढत राहा, हँडल हातात बसेपर्यंत. त्यांना घेण्याआधी तुमची स्वतःची भीती गेलेली पाहिजे. तुमची भीती मागे पोचते, शब्दांवाटे नाही, सीटमधून.

आता सुरुवात कशी करायची ते सावकाश सांगतो, कारण माझ्या मते टँडेमची पारख इथेच होते. तुम्ही पुढची दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभे राहा. सीटवर बसू नका. पाय फाकलेले, एवढे की मागून फिरून येणारं पायडल पोटरीला लागणार नाही. दोन्ही ब्रेक घट्ट दाबलेले. म्हणा, "चढा." त्या चढतील, बसतील, दोन्ही पाय पायडलवर ठेवतील. गाडी तुमच्या मांड्यांमध्ये हलेल, ती हलू द्यायची नाही. आता त्या उलट्या दिशेनं पायडल फिरवून तुमचं उजवं पायडल वर, थोडं पुढे आणून देतील. हे काम त्यांचं, आणि इथूनच त्यांना कळतं की गाडी आपणही चालवतोय. तुम्ही उजवा पाय ठेवा. म्हणा, "तयार?" त्या "हो" म्हणेपर्यंत काहीही करू नका. मग "चला" म्हणून ब्रेक सोडा आणि दोघं एकाच वेळी दाबा. त्यांचा पहिला दाब गाडीला वेग देतो, तुम्ही त्या वेगावर सीटवर बसता. थांबताना उलट : "थांबतोय" असं आधी सांगा, ब्रेक लावा, सीटवरून उतरून पाय रोवा. त्या बसूनच राहतील.

हे वीस वेळा करा. खरंच वीस. शंभर मीटर जायचं, थांबायचं, पुन्हा. दहाव्या वेळेपर्यंत दोघांचे खांदे सैल होताना दिसतील. गेल्या हिवाळ्यात एक जोडपं आलं होतं, दोघंही साठीच्या पुढचे. काकूंनी पहिल्या सहा वेळा निघताना डोळे मिटून घेतले. सातव्या वेळी त्यांनी स्वतःच पायडल वर आणलं आणि मागून म्हणाल्या, "अहो, चला नं आता!" त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं की त्यांचं जमणार.

डुगडुगीची कारणं साधारण दोन. पुढचा हँडल आवळून धरतो, किंवा मागची रस्ता दिसावा म्हणून डावीउजवीकडे झुकून बघते. मागून झुकणं पुढच्याला हँडलवर कळतं आणि तो ते दुरुस्त करायला जातो, मग गाडी नागमोडी चालते. त्यांना सांगा : तुमच्या पाठीकडे बघायचं नसेल तर बाजूची झाडं बघा, पण कंबर मधोमध. आणि तुम्ही बोला. खड्डा, गतिरोधक, वळण, गिअर, ब्रेक, पायडल थांबवणं, सगळं आधी सांगायचं. आमच्या घरी शब्द ठरलेले आहेत : "धक्का", "सैल" म्हणजे पायडल थांबव, "गिअर", "डावं", "उजवं". न सांगता तुम्ही पायडल थांबवलं तर त्यांचे पाय झटक्यानं थांबतात, कारण दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, एकाच चेननं बांधलेले आहेत. एकाला पायडल मारायचं आणि दुसऱ्यानं नुसतं बसायचं, असं त्यात होत नाही.

बोलण्याचं महत्त्व मला शिकवलं ते एका दृष्टिहीन तरुणानं. तो दोन वर्षं आमच्यासोबत रविवारी मागे बसायचा. एकदा म्हणाला, "दादा, वळण मला पाठीत कळते, पण खड्डा नाही कळत. तेवढा सांगत जा." टँडेमचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन सायकलपटूंच्या शर्यती टँडेमवरच होतात, पुढे डोळस पायलट असतो. आपल्याकडे पुण्याच्या दिव्यांशु गणात्रांनी, जे स्वतः दृष्टिहीन आहेत, मनाली ते लडाखमधली खारदुंग ला खिंड हा प्रवास टँडेमवरून केला. तुमच्या घरी ही गरज नाही, पण गाडी अशी सेट करा आणि अशी बोलत चालवा की मागच्यानं डोळे मिटले तरी त्याला धक्का अनपेक्षित बसणार नाही.

पहिली सकाळ पाऊण तासात संपवा, अजून हवंसं वाटत असतानाच.

मधला दिवस सोडा असं म्हटलं, कारण दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. त्यांना विचारताना "दुखतंय का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येईल. "कुठे जाणवतंय?" असं विचारा. मांड्या आणि पोटऱ्या दुखणं ठीक, ती सवय नसल्याची खूण. मनगट, मान, कंबरेचा खालचा भाग किंवा बोटांतल्या मुंग्या म्हणजे माप चुकलंय. हँडल वर-खाली, मागे-पुढे करून बघा, बऱ्याच गाड्यांना ती सोय असते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट थोडी वर, मागच्या बाजूला दुखलं तर थोडी खाली.

दुसऱ्या सकाळी सिमेंट रोड आणि चढ. नागपूरचे सिमेंट रोड दिसायला सपाट, पण स्लॅबच्या प्रत्येक जोडावर चाक टक् करतं, आणि कडेच्या गट्टूंना लागून बरेच ठिकाणी पायरी असते. पुढच्याला हे फारसं जाणवत नाही, तो दोन चाकांच्या मधे बसतो आणि त्याला जोड दिसतो. मागचीची सीट जवळपास मागच्या चाकावरच असते. प्रत्येक टक् सरळ पाठीच्या कण्यात. म्हणून सिमेंट रोडवर निदान पाच-सहा किलोमीटर न थांबता चालवा. मग गाडी उभी करून त्यांना विचारा. त्रास वाटत असेल तर मागे स्प्रिंगचा सीटपोस्ट लागेल, तो खर्च मनात धरा. टायर ३५ मिमीहून बारीक असतील तर तेही बदलायला लागतील. हवा दोघांच्या वजनाला भरलेली आहे ना हे निघण्याआधी गेजवर बघा. टँडेमला टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळची हवा लागते. कमी हवेवर गाडी जड लागते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते.

चढासाठी सेमिनरी हिल्स पुरे. चढावर टँडेम हळू असते, हे गृहीत धरा. एकट्या सायकलीवर तुम्ही उभं राहून दाबून जाता, इथे ते दोघांना एकत्र जमायला काही महिने लागतात. चढ लागण्याआधी गिअर हलका करा, चढावर जोर लावलेल्या चेनवर गिअर बदलू नका. सपाटीवर आणि उतारावर मात्र तीच गाडी पळते, कारण दोघांचा जोर आहे पण वारा मुख्यतः एकालाच कापायचा आहे. वर्धा रोडवर समोरून वारा असतानाही आम्ही दोघं मिळून जातो त्या वेगानं मला एकट्याला जाता येत नाही.

पायडलची लय हा वेगळा विषय आहे आणि बऱ्याच घरांत भांडण त्याच्यावरून होतं. तुम्ही रोज चालवणारे, मिनिटाला ८५-९० फेऱ्या मारत असाल. त्यांना ६०-६५ सोयीच्या वाटतील. घड्याळ लावून पंधरा सेकंदांतल्या फेऱ्या मोजा, चारनं गुणा. दोघांचा आकडा वेगळा काढा आणि सुरुवातीचे दोन महिने त्यांच्या आकड्यापेक्षा पाचच जास्त ठेवा. तुम्ही खाली या, त्यांना वर ओढू नका. हे तुम्हाला तीन सकाळी करवत नसेल, तर टँडेम घेऊ नका. हे मी गंभीरपणे म्हणतोय. दोन साध्या सायकली घेऊन सोबत चालवणं त्याहून बरं.

आता गाडी. हे सगळं अमरावतीतच, दिवसाच्या उजेडात बघायचं.

टँडेमला दोन चेन असतात. उजवीकडची नेहमीची, मागच्या क्रँककडून मागच्या चाकाकडे. डावीकडची दोन्ही क्रँक जोडणारी, तिला टायमिंग चेन म्हणतात. या डाव्या चेनकडे जास्त लक्ष द्या. मधोमध बोटानं वर-खाली हलवा, सेंटिमीटरभर ढील ठीक आहे. बरीच जास्त असेल तर धक्क्यावर चेन उतरते आणि तुमचे पाय अचानक मोकळे फिरतात. ही ढील काढायला पुढच्या क्रँकचा एक्सल एका गोल, मध्यापासून सरकवलेल्या डब्यात बसवलेला असतो. डबा फिरवला की एक्सल पुढे-मागे होतो आणि चेन ताणली जाते. सहा वर्षांत कुणी त्याला हात लावला नसेल तर पावसाळ्याच्या पाण्यानं तो गंजून बसलेला असतो. त्यामुळे "स्क्रू सैल करून डबा फिरवून दाखवा" असं स्पष्ट सांगा. फिरत नसेल तर किंमत कमी करायला हे सगळ्यात मोठं कारण, आणि माझ्या मते न घेण्याचंही.

चेन मोजायला टेप पुरतो. एका पिनपासून पुढे २४ कड्या मोजा. नवी असेल तर बरोबर १२ इंच. एक सोळांश इंच वाढली की बदलायला आली, एक अष्टमांश वाढली असेल तर दातेही झिजलेले असतात.

मग मागचं चाक. दोघांचं वजन जास्त करून तेच उचलतं. साध्या सायकलीला बहुधा ३२ किंवा ३६ स्पोक असतात, टँडेमला ३६, ४० किंवा ४८. स्पोक मोजा. ३२ असतील आणि तुम्हा दोघांचं मिळून वजन दीडशेच्या पुढे असेल, तर चाक नव्यानं बांधायचा खर्च धरा. एकेक स्पोक बोटानं छेडून बघा, एका बाजूचे सगळे साधारण सारखे वाजले पाहिजेत. एखादा बद्द वाजला तर तो ढिला आहे किंवा नुकताच बदललाय. चाक उचलून फिरवा, आऊट किती आहे, म्हणजे ते डावीउजवीकडे किती हलतं, ते ब्रेकजवळ दिसेल. थोडा आऊट काढता येतो, रिमवर स्पोकच्या भोकापाशी केसासारखी चीर असेल तर रिम गेली. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदीही विचारा. बऱ्याच टँडेमना १४५ मिमीचा हब असतो, साध्या गिअरच्या सायकलीला १३० किंवा १३५. तो बिघडला तर सीताबर्डीत जाऊन संध्याकाळपर्यंत आणता येईल असा नाही. गाडी घेतलीत तर एक मागवून ठेवा.

फ्रेम कापडानं पुसून घ्या आणि सांधे बघा. दोन क्रँकना जोडणारी खालची आडवी नळी दोन्ही टोकांना जिथे जोडली आहे तिथे, आणि मागच्या सीटच्या नळीच्या तळाशी. रंगात बारीक रेघ दिसली तर नखानं चाचपा. नख अडकलं तर परत या, किंमत कितीही खाली आली तरी. तिथून तुटणारी टँडेम दोघांना घेऊन तुटते.

ब्रेकबद्दल नागपूरकर थोडे बेफिकीर असतात, कारण शहर सपाट आहे. पण टँडेम घेतलेली प्रत्येक जोडी वर्षभरात रामटेकच्या गडावर नाहीतर चिखलदऱ्याला जातेच. तुम्ही दोघं आणि गाडी मिळून १७० किलोच्या आसपास, म्हणजे एकट्या सायकलस्वाराच्या जवळपास दुप्पट. तेवढीच दुप्पट उष्णता त्याच दोन ब्रेकमध्ये जाणार, आणि वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना आम्ही पहिल्या वर्षी रिमचे ब्रेक सतत दाबून आलो. वाटेतल्या मोथा गावाच्या अलीकडे थांबून रिमजवळ हात नेला तर चटका बसला, आणि दोन मिनिटांनी उभ्या गाडीची मागची ट्यूब फुटली. चालती असताना फुटली असती तर काय झालं असतं, याचा विचार करत आम्ही दोघं बराच वेळ कठड्यावर बसून होतो. डिस्क ब्रेक असतील आणि चकती मोठी असेल, २०० मिमीच्या आसपास, तर उत्तम. रिमचे असतील तर नागपुरापुरती गाडी ठीक, घाटासाठी नाही. ब्रेकची चाचणी मात्र गाडी नागपुरात आणल्यावर सेमिनरी हिल्सच्या उतारावर करा : रस्ता रिकामा बघून, त्यांना आधी सांगून, दोन्ही ब्रेक एकत्र. टँडेम लांब असल्यानं मागचं चाक सहसा उचललं जात नाही, त्यामुळे मागचा ब्रेक साध्या सायकलीपेक्षा खूप कामाचा. गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे, मागून "अगं बाई" ऐकू आलं नाही पाहिजे.

घरी ठेवायची कुठे, हे आणायच्या आधी ठरवा. लांबी आठ फुटांच्या आसपास असते. फ्लॅटच्या लिफ्टमध्ये ती आडवीही जात नाही आणि उभीही, जिन्याच्या वळणावर अडकते. पार्किंगमध्ये भिंतीलगत जागा आणि साखळी अडकवायला हूक लागेल.

तिसरी सकाळ खरी. दोन तास, रहदारीतून. शंकरनगर चौक, लॉ कॉलेज चौक, दोन-तीन सिग्नल अंगावर घेत काटोल रोडनं फेटरीपर्यंत आणि परत. सिग्नलला थांबल्यावर त्या बसून राहतात का, तुमचे पाय पक्के रोवले जातात का, मागून बस आली तर दोघांपैकी कुणी दचकतं का, हे इथेच कळेल. येताना तर्री-पोह्याला थांबा. गाडी भिंतीला लावा. आणि तुम्ही काही बोलू नका, त्यांना आधी बोलू द्या. त्यांनी वाटेतलं काही सांगितलं, तळ्यावरचे पक्षी, एखादं घर, कुणी हात हलवलेला पोट्टा, तर त्यांचं लक्ष गाडीवरून सुटून बाहेर गेलंय, म्हणजे बसणं सोयीचं झालंय. "ठीक आहे" एवढंच आलं तर मी ते नकार म्हणून धरतो. मग कुठे अडतंय ते शोधा, माप बदला, चौथी सकाळ घ्या.

राहिला प्रश्न अमरावतीच्या गृहस्थांचा. रविवारी गाडी विकत घ्यायला जातोय असं सांगूच नका. मापं आणि यंत्र बघायला जा. पसंत पडलं तर ठरलेल्या किमतीतले वीसेक हजार त्यांच्याकडे ठेवा, आठ दिवसांत गाडी जशीच्या तशी परत आणली तर पूर्ण परत, असं दोघांनी कागदावर लिहून सही करा. निघताना गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, ओरखड्यांसकट. ज्यांनी स्वतः टँडेम चालवलीय त्यांना हे मागणं वावगं वाटणार नाही. ते तयार नसतील तर शनिवारी दुपारी पोचा, संध्याकाळी एकदा चालवा, तिथेच मुक्काम करा आणि रविवारी सकाळी पुन्हा. तीन सकाळींची सर त्याला नाही, पण मध्ये एक रात्र जाते आणि मनगटं काय म्हणतात ते कळतं. तेही जमत नसेल तर आमची टँडेम घेऊन जा, तीन सकाळी तिच्यावर करा आणि त्यांच्या मापाचे आकडे चिकटपट्टीवर लिहून घ्या. मग अमरावतीला जाताना टेप तेवढा सोबत ठेवा.